झुंबरचे सोळा सोमवार

विश्वनाथ साटम सरांच्या दारात झुंबर गावित पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा घरातला निम्मा उजेड गेला. ट्यूबलाइट चालू होती, खिडकी सताड उघडी होती, तरी प्रमिलाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, लाइट गेली काय?" दारात मावेल त्याहून जरा जास्तच माणूस तिथे उभा होता. डोकं वरच्या चौकटीला टेकलेलं, खांदे दोन्ही बाजूंना घासलेले, आणि मध्ये पांढराशुभ्र नवाकोरा शर्ट. त्या शर्टाच्या दुकानातल्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या आणि कॉलरखालची टाचणीही कुणी काढली नव्हती. सरांच्या अंदाजाने त्या कापडात त्यांच्या शाळेतल्या अख्ख्या पहिलीचे गणवेश निघाले असते. टाल्कम पावडरचा वास असा दरवळला, की भिंतीवरची पाल आपली वर्षानुवर्षांची जागा सोडून कॅलेंडरमागे गेली. सर बनियनवर उत्तरपत्रिका तपासत बसले होते. त्यांना क्षणभर वाटलं, नापास केलेल्या एखाद्या पोराचा बाप आला. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं आणि कमरेला टॉवेल घट्ट आवळला.

मग त्या डोंगरातून गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा आवाज आला.

"सर, वाटीभर नेट भेटंल का?"

सिल्वासात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या सरांकडे शेजाऱ्यांनी आजवर विरजण मागितलं होतं, शिडी मागितली होती, सायकलचा पंप मागितला होता, एकदा तर रक्तही मागितलं होतं. नेट कुणी वाटीच्या मापाने मागितलं नव्हतं. सरांचा तिथेच निकाल लागला. मराठीच्या मास्तराला चांगली शब्दयोजना ऐकवली, की तो काय वाटेल ते देऊन बसतो.

"या," ते म्हणाले. "वाकून या."

झुंबर त्याच इमारतीमागच्या पत्र्याच्या चाळीत, किलवणी नाक्याच्या बाजूला, बायको कावेरीबरोबर राहत होता. मूळचा नवापूरकडचा. मसाटच्या एका सुताच्या कंपनीत बावीस वर्षं मशीन चालवत होता. सर पहिल्या मजल्यावर, तो मागे तळाला. इतक्या वर्षांत दोघांची गाठ पडली नव्हती, कारण सरांची शाळा घड्याळावर चाले आणि झुंबरची कंपनी तीन पाळ्यांवर. एक आठवडा पहिली पाळी, एक दुसरी, एक तिसरी. सर उठत तेव्हा झुंबर कधी झोपायला जात असे, कधी जेवायला.

त्याच्या हातात एक स्मार्टफोन होता. घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तसा त्याने तो दोन्ही तळव्यांत धरला होता. नवापूरला कॉलेजात शिकणाऱ्या जयाने, म्हणजे त्याच्या लेकीने, नवा फोन घेतल्यावर आपला जुना बापाला दिला होता. त्याची सिमची खाच मोडलेली होती, त्यामुळे तो ना कुणाला फोन करू शकत होता, ना कुणाचा घेऊ शकत होता. फोन करायला झुंबरकडे बटणांचा वेगळा होता.

"मग ह्याचं काय करणार?" सरांनी विचारलं.

"ह्यात बायबल भरायचंय. मराठी. ॲप हाये. एकदा भरलं की मग नेट लागत नाय, जयाने सांगितलंय. पण आजच्या आज भरायला पाहिजे सर. आज पहिला दिवस हाये."

तो नाताळचा दिवस होता. सरांचं नेट त्या दिवशी गोगलगाईच्या चालीने चाललं होतं, त्यामुळे बायबल भरायला पाऊण तास लागला आणि तेवढ्या वेळात प्रमिलाबाईंच्या हातचा दोन वेळा चहा पीत झुंबरने आपलं दुखणं सांगितलं.

दुखणं एकोणीस वर्षांचं होतं. त्याची सासुरवाडी दुधनीची, मधुबन धरणाच्या पाण्याकाठी. सासूबाई कोंडाबाई. त्यांच्याच अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिथल्या ख्रिस्ती मंडळीची उपासना चाले. कोंडाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण अख्खं पवित्र शास्त्र ऐकून ऐकून तोंडपाठ होतं. वाचणारा एक शब्द चुकला, की त्या डोळे न उघडता तो दुरुस्त करत. झुंबर सातवीपर्यंत शिकलेला, म्हणून लग्नात त्याने मोठ्या ऐटीत सांगितलं, की वचन लग्न लावणाऱ्या पाळकांच्या मागून म्हणणार नाही, कागदावरून स्वतः वाचीन. वाचलं. वराचं वाचून झालं आणि तो थांबायचं विसरला. त्याच दमात वधूचंही वचन वाचून टाकलं, अगदी शेवटपर्यंत. कावेरीला बोलायला काही उरलंच नाही.

"मामी अजून म्हणते," सासूला मामी म्हणणारा झुंबर कपाकडे बघत म्हणाला, "जावाई सोतःशीच लगीन लावून बसला. माझी पोर नुसती बाजूला उभी होती."

आतून प्रमिलाबाईंच्या हसण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ हसणं लपवण्यासाठी भांडं आपटल्याचा.

तेव्हापासून त्या अंगणात झुंबरने काही वाचलं नव्हतं. सतरंज्या घालायला झुंबर, खुर्च्या उचलायला झुंबर, जेवणाचे टोप उतरवायला झुंबर, पण पुस्तक कुणी त्याच्या हातात दिलं नाही. आणि आता त्या सकाळीच नारायण वसावेंनी जाहीर केलं होतं, की नाताळपासून पुढच्या नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत, तीनशे पासष्ट दिवस, एकही खाडा न करता जो ॲपवर संपूर्ण बायबल पुरं करील, तो पुढच्या नाताळला दुधनीत प्रभुजन्माचा अध्याय वाचील. नारायणभाऊ त्याच कंपनीत रंगखात्यात होते आणि मंडळीतले वडीलधारे म्हणून त्यांच्या शब्दाला मान होता. बारा जणांनी नावं दिली. तेरावं झुंबरने दिलं तेव्हा कोंडाबाईंनी डोळे उघडले होते.

"तेवढं एकदा वाचायचंय सर. मामीसमोर. फक्त आपलंच."

फोनने टिंग केलं. बायबल भरून झालं होतं. झुंबरने तिथेच पहिला धडा काढला आणि मोठ्याने वाचायला लागला. दोन ओळींत सरांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या देखत पाटावरचं पान उलटं वाढलं. स्वल्पविराम जिथे असतील तिथे झुंबर धावत होता आणि जिथे नसतील तिथे श्वास घेत होता.

"थांबा," सर म्हणाले. "उद्यापासून माझ्याकडे वाचायचं."

अशी ती शाळा सुरू झाली. पहिल्या पाळीच्या आठवड्यात झुंबर संध्याकाळी येई, दुसरीच्या आठवड्यात सकाळी, सर शाळेत जायच्या आधी. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात मात्र तो दिवसा झोपे आणि वाचन कंपनीत करी, कँटीनमध्ये, पहाटे तीनच्या चहाला.

आता कंपनीत फोन नेता येत नव्हता. सगळ्यांचे फोन गेटवर जमा होत. पहिल्याच वेळी गेटवरच्या बिहारी वॉचमनने झुंबरला अडवलं तेव्हा झुंबरने फोनचं मागचं झाकण काढून मोडकी खाच दाखवली.

"सिमही नहीं है, तो फोन कैसा?"

"फिर क्या है?"

"किताब है."

वॉचमन विचारी माणूस होता. त्याने फोन उलटसुलट केला, कानाला लावून पाहिला, त्यातून कुणी बोलेना. किताबांवर कंपनीची बंदी नव्हती. पण असलं यंत्र नोंद न करता आत सोडणंही बरं नव्हतं. त्याने गेटबुक उघडलं आणि लिहिलं: झुंबर गावित, किताब एक, आत. सकाळी सातला लिहिलं: किताब एक, बाहेर. तेव्हापासून वर्षभर तिसऱ्या पाळीला ही नोंद चुकली नाही.

इकडे सरांच्या घरी वेगळंच होऊन बसलं. सर देवगडकडचे, घरात गणपती, चतुर्थीला मोदक. बायबल त्यांनी कधी वाचलेलं नव्हतं. झुंबरच्या उच्चारांवर लाल पेन चालवता चालवता ते गोष्टीत कधी शिरले ते त्यांनाही कळलं नाही. योसेफाला त्याच्या भावांनी खड्ड्यात टाकलं, त्या दिवशीचा धडा तिथेच संपला, आणि नेमका दुसऱ्या दिवसापासून झुंबर तिसऱ्या पाळीला गेला. योसेफ खड्ड्यात तो खड्ड्यातच. सर दोन दिवस बेचैन होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी चाळीत जाऊन कावेरीला विचारलं, "झुंबरराव जागे आहेत काय?" कावेरी म्हणाली, "झोपलेत सर. काय काम होतं?" त्या पोराला खड्ड्यातून काढलं की नाही, हे विचारायला आलोय, असं सरांना सांगवेना. त्या संध्याकाळी प्रमिलाबाईंनी त्यांना गच्चीत फोन घेऊन बसलेलं पकडलं.

"काय वाचताय एवढं?"

"काही नाही. त्याचे उच्चार तपासायचे म्हणून मीही ते ॲप घेतलंय."

"मग मनात का वाचताय?"

सरांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

फेब्रुवारीत बायबलमधलं लेवीय नावाचं पुस्तक आलं. ज्यांनी ते वाचलं आहे त्यांना सांगायला नको. इथे गोष्ट थांबते आणि नियम सुरू होतात. यज्ञ कसा करावा, काय खावं, काय खाऊ नये, आणि तेराव्या अध्यायात तर अंगावरच्या डागांची अशी तपासणी, की झुंबर वाचता वाचता स्वतःचे कोपर बघू लागला. बाकीच्या बारांपैकी सात जण लेवीयात गळाले. झुंबरही म्हणाला, "सर, ह्याच्यावरून उडी मारू या का? देवाला समजंल." सर म्हणाले, "देवाला समजेल, मला नाही समजणार. वाचा." सर प्रत्येक डागाला अर्थ विचारत आणि झुंबर प्रत्येक डागाला खाजवत. नऊ दिवसांनी दोघं पलीकडच्या काठाला लागले, तेव्हा प्रमिलाबाईंनी शिरा केला.

मग राजे आले आणि राजांची नावं आली. मफीबोशेथ. नबुखद्नेस्सर. झुंबर ही नावं मशीनवर सूत जोडता जोडता घोकू लागला. शेजारच्या मशीनवरच्या ओडिशाच्या कामगाराला वाटलं, हा सुपरवायझरला शिव्या देतोय. त्याने खूश होऊन त्या पाठ केल्या.

ऑक्टोबरपर्यंत झुंबर असा वाचू लागला, की प्रमिलाबाई भाजी निवडायला मुद्दाम बाहेर येऊन बसत. शर्यतीत आता दोघंच राहिले होते, झुंबर आणि निलेश. निलेश कावेरीच्या चुलत भावाचा मुलगा, दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला होता, तिथे फोन चाले. त्याच्याकडे नवा फोन, भरपूर नेट, कानात बिनवायरीची बोंडं. तो वाचत नव्हता, ऐकत होता, आणि तेही दुप्पट वेगाने, कार्टन भरता भरता. नियमात ते बसत होतं. "काका, माझा प्रभू फास्ट बोलतो," तो झुंबरला चिडवायचा. "तुमचा अजून बाळबोध गिरवतोय."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नारायणभाऊंनी निरोप पाठवला: नाताळच्या आदल्या दिवशी दुधनीत कोंडाबाईंसमोर दोघांचे फोन बघणार. ॲपमध्ये वर्षाचं कॅलेंडर आहे, वाचलं त्या तारखेला हिरवा टिपका येतो, तो दाखवायचा.

ॲपमध्ये असं काही पान आहे, हे झुंबरला माहीतच नव्हतं. त्याने आजवर धड्यांची यादी तेवढी पाहिली होती, आणि तिथे रोजच्या धड्यापुढे खूण होती. सरांनी कुठेतरी बोट लावलं आणि ते पान उघडलं. हिरवंगार शेत. आणि त्यात भोकं.

सरांनी चष्मा पुसला आणि मोजली. सोळा. परत मोजली. सोळाच. मग तारखा लावून बघितल्या.

"झुंबरराव, हे सगळे सोमवार आहेत."

"सोमवार?"

"दर तिसऱ्या आठवड्याचा सोमवार. सोळा सोमवार."

प्रमिलाबाई पदराला हात पुसत आल्या. "झुंबरभाऊ, तुम्ही सोळा सोमवारचं व्रत केलंत आणि आम्हाला बोलला नाहीत? मी लग्नाआधी केले होते. त्याचं फळ हे समोर बसलंय."

कुणी हसलं नाही. झुंबर खुर्चीत असा बसला, की खुर्चीच लहान वाटायची थांबली. 

"सर, सोमवारचा मी सोमवारीच वाचलाय. एक पण नाय सोडला. तुमच्या गळ्याशपथ."

"माझा गळा राहू दे. तिसऱ्या पाळीला तुम्ही वाचता कधी?"

"तीनच्या चहाला."

"पहाटे तीन. म्हणजे मंगळवार झाला."

झुंबरने सरांकडे करुणेने पाहिलं. इतका शिकलेला माणूस, आणि एवढी साधी गोष्ट कळू नये.

"मंगळवार कसा होईल सर? सोमवारची नाईट हाये. सातला सुटलो की मंगळवार. हजेरी सोमवारची, पगार सोमवारचा, कँटीनचं कूपन सोमवारचं. बावीस वर्षं हेच चाललंय. रात्री मधेच तारीख बदलली, तर मशीनवर अर्धं सूत एका दिवसाचं आणि अर्धं दुसऱ्या दिवसाचं व्हायचं."

सरांना आता उलगडलं. त्या फोनला नेट नव्हतं, सिम नव्हतं, त्याला कंपनीची पाळी कुणी सांगितली नव्हती. तो आपला एकटा बसून रात्री बाराला पान उलटत होता. सोमवारच्या धड्याला तो मंगळवार म्हणे, मंगळवारच्या धड्याला बुधवार, असं करत शनिवारचा धडा सुट्टीच्या रविवारी पडे, त्यामुळे रविवारी एकाच दिवशी दोन धडे दिसत आणि सोमवार उपाशी राही. तीनशे पासष्टांत एकही धडा चुकणार नव्हता, पण कॅलेंडरात सोळा खाडे पडले होते.

"मामी काय म्हणंल ते मला आत्ताच ऐकू येतंय," झुंबर म्हणाला. आणि फोन खिशात न ठेवता टेबलावर ठेवून निघून गेला.

सरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी शेकडो पोरं वाचायला शिकवली, त्यातली बरीच नंतर न वाचता मोठी झाली. हा एक पन्नाशीला टेकलेला विद्यार्थी आपणहून चालत आला होता, आणि तो एका कॅलेंडरमुळे नापास होणार होता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, इस्त्रीची पँट आणि शाळेची बॅग अशा थाटात सर झुंबरला घेऊन मसाटला कंपनीच्या गेटवर हजर झाले.

"गेटबुक बघायचं आहे," ते वॉचमनला म्हणाले.

"किसलिए, साहब?"

"येशू के जन्म के लिए," सर म्हणाले. त्यांची हिंदी इथून पुढे जात नव्हती.

झुंबरने उरलेलं समजावलं. वॉचमनने बुक काढलं, थुंकी लावून पानं उलटली. सोमवार, तिसरी पाळी, किताब एक, आत. त्याखाली, त्याच सोमवारच्या पानावर: किताब एक, बाहेर. सोळाच्या सोळा सापडले. सर एकेका पानाचा फोटो काढत होते आणि वॉचमन उत्सुकतेने बघत होता.

"बहुत मोटी किताब है," तो शेवटी झुंबरला म्हणाला. "साल हो गया. अभी तक खतम नहीं हुई?"

घरी येऊन सरांनी फुलस्केप कागदावर चार पानी निवेदन लिहिलं. सुरुवातच होती, 'प्रमाणित करण्यात येते की'. खाली सही, हुद्दा, दिनांक. त्यावर शाळेचा शिक्का मारायला ते बॅगेत हात घालत होते, तेव्हा प्रमिलाबाईंनी बॅगच उचलून कपाटात ठेवली.

चोवीस डिसेंबरला दुपारी सगळे दुधनीत कोंडाबाईंच्या अंगणात जमले. सर आणि प्रमिलाबाईही गेले होते, नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन. समोर धरणाचं पाणी पसरलं होतं आणि मोबाइलला रेंज नावाची गोष्ट नव्हती. ती मागच्या टेकडीवर सागाच्या झाडाखाली मिळे, तीही उभं राहून. कोंडाबाई खाटेवर बसल्या होत्या. वीतभर म्हातारी, पण झुंबर तिच्यासमोर आला की आपोआप वाकायचा.

नारायणभाऊंनी आधी निलेशला बोलावलं. निलेशने ऐटीत फोन काढला आणि बोट लावलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. ते फिरतच राहिलं. त्याने फोन डोक्यावर धरला, खांबाजवळ नेला, विहिरीच्या कठड्यावर चढला. चक्र फिरत होतं. त्याने काही भरून घेतलंच नव्हतं. त्याचं बायबल वर्षभर हवेतून येत होतं आणि हवेतच राहत होतं.

"आजी, सगळे टिपके हिरवे आहेत. टेकडीवर चला, दाखवतो."

"खरं असंल, बाबा," कोंडाबाई म्हणाल्या. "पण उद्या वाचायचं इथं हाये. टेकडीवर नाय."

"मग पुस्तकातून वाच," नारायणभाऊ त्याला म्हणाले. निलेशने डोकं खाजवलं. तो सिल्वासात गुजराती माध्यमात शिकलेला. मराठी बोले झकास, ऐके दुप्पट वेगाने, पण वाचायचं म्हटलं की अक्षर अक्षर लावत बसे. त्याने हसून हात वर केले आणि वड्यांच्या डब्याकडे गेला.

आता झुंबर. त्याचा फोन बोट लावताच उघडला. हिरवं शेत आणि सोळा भोकं. नारायणभाऊंनी ती मोठ्याने मोजली. सर घसा खाकरून उठले, निवेदनाचं पहिलं पान वाचू लागले, 'प्रमाणित करण्यात येते की', आणि पाळी, हजेरी, गेटबुक असं सगळं क्रमाने सांगत दुसऱ्या पानावर आले तेव्हा कोंडाबाईंनी हात वर केला.

"मास्तर, बसा. नारायण, तू पण नाईट करतो ना?"

"करतो मामी."

"सोमवारची नाईट कोणाची?"

"सोमवारची," नारायणभाऊ म्हणाले, आणि ओशाळले. "पण मामी, हा फोन बाराला दिवस बदलतो."

"फोनाला काय समजतं? देवानं जग केलं तवा काय झालं? आधी सांज झाली. मग सकाळ झाली. ते दोन्ही मिळून एक दिस धरला. पहिल्याच पानावर हाये. सहा वेळा सांगितलंय." त्यांनी डोळे मिटले. "रातच्या बाराला दिस मोडतो, असं देवानं कुठं सांगितलंय ते दाखव. मग जावायाचे खाडे धरू."

नारायणभाऊंनी वर्षभरात कितीदा ते पहिलं पान वाचलं होतं. सरांनीही वाचलं होतं, शुद्धलेखनासह. कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, की जगातली पहिली पाळी तिसरी होती. सरांनी उरलेली अडीच पानं हळूच घडी करून खिशात ठेवली.

"बाराला मोडतो असं नाय कुठं," नारायणभाऊ म्हणाले. "मग झुंबरच वाचंल."

 झुंबर उठून सतरंज्या घालायला गेला आणि दुसरं काही न सुचून घातलेल्या सतरंज्या परत उचलून परत घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये उभा राहिला. तोच पांढरा शर्ट, या वेळी कॉलरखालची टाचणी काढलेली. दीडशे माणसं. फोन त्याने छातीशी धरला आणि लूकचा दुसरा अध्याय काढला. सर मागच्या रांगेत बसले होते आणि त्यांचा उजवा हात गुडघ्यावर आपोआप ताल धरत होता: इथे थांब, इथे श्वास, आता पुढे. दुसऱ्याच ओळीत क्विरीनिय नावाचा सुभेदार येतो, तो आला आणि न अडखळता निघून गेला. कोंडाबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ शब्दाशब्दाबरोबर हलत होते. गव्हाण आली, मेंढपाळ आले. ओठ एकदाही थबकले नाहीत. वाचायचं होतं तिथे झुंबरने वाचलं, आणि जिथे थांबायचं होतं तिथे तो थांबला.

कावेरी बायकांत बसली होती. तिने पदर डोळ्याला लावला, मग कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून आजूबाजूला पाहिलं. प्रमिलाबाईंनी पाहिलं होतं. त्यांचाही पदर तिथेच होता.

कोंडाबाईंनी डोळे उघडले.

"ह्या टायमाला आपलंच वाचलं," त्या म्हणाल्या.

वाचनाला तीन मिनिटंही लागली नाहीत. मग जेवणं झाली. टोप झुंबरनेच उतरवले.

त्याच संध्याकाळी त्याने नव्या वर्षाचं वाचन पहिल्या पानापासून सुरू केलं. या वेळी शर्यत नव्हती; फेब्रुवारीत पुन्हा लेवीय आलं, आणि तेराव्या अध्यायातल्या डागांपाशी तो थांबला. अजून तिथेच आहे.